सुई उडते ती जागा

वाशीम, जि. अकोला
१२ जानेवारी १९७५

ती. ताईस,
जगदेवचा सप्रेम जय भीम.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. घरात रेकॉर्ड प्लेअर आला आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, इंगोले बाबूला वेड लागलं. लागू दे.

तुला तर हे वेड पहिल्यापासून ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवात बाकीची पोरं पंगतीत बसायची आणि मी भोंग्याखाली. पंचायतीचा रेडिओ लाकडी खोक्यावर घुमायचा, तेव्हा मीच त्याच्याखाली गोणपाटाची घडी सरकवली होती आणि आवाज कसा खुलला ते साऱ्या वस्तीनं ऐकलं होतं. लोकांना वाटतं आवाज यंत्रातून येतो. यंत्राखाली जे असतं ना ताई, तिथून खरा आवाज ठरतो. खालचं हललं की ते गाणं खातं. आपल्या घरात याची कदर एकट्या तुलाच होती. बापूंना गाण्याचा तिटकारा. भजनात मी पुढे बसलो की त्यांची काठी नेमकी माझ्या घोट्यावर यायची. का मारता, हे विचारायची हिंमत झाली नाही आणि आता सांगायला ते नाहीत.

तर अडचण अशी. आमची माडीवरची भाड्याची खोली, जमीन फळ्यांची. कुणी पाय टाकला की प्लेअरच्या टेबलापर्यंत हादरा जातो आणि सुई उडते. माझ्याकडे जी एक आवडती रेकॉर्ड आहे, तिच्यात ठेका रंगात आला की नेमकी तिथेच उडते. टेबलाच्या पायांखाली रबरी चेंडू कापून घातले, उपयोग झाला नाही. मग लक्षात आलं. विशाचा बूट. पोलिओच्या पायाला जो लोखंडी पट्ट्यांचा बूट दिला आहे, त्याचा फळीवर केवढा आवाज होतो तुला कल्पना नाही. एका जागी बस म्हटलं तर बसते बिचारी, पण सहा वर्षांची पोर, बूट फळीला लागतोच.

तेव्हा विनंती ही, की महिना दोन महिने विशाला तुझ्याकडे ठेवून घे. तेवढ्यात मी प्लेअरची बैठक पक्की करतो. तू मास्तरीण, तिची शाळाही बुडणार नाही. विमलचं तोंड फुगलं आहे. म्हणाली, "पोरीचं नाव कायले घेता, सोताकडे पाहा ना!" बायकांना यातलं काय कळणार. मी समजावतो तिला.

तुझा भाऊ,
जगदेव


रिसोड
१९ जानेवारी १९७५

चि. जगदेव,
जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुला चार शिव्या दिल्या, मग पुन्हा वाचलं. बूट वाजतो म्हणून पोटची पोर घराबाहेर काढणारा बाप आपल्या खानदानात तू पहिलाच. बरं झालं आई हे पाहायला नाही.

तरी पाठवून दे. इथे माझी जमीन शेणानं सारवलेली आहे, तिच्यावर कितीही बूट वाजवला तरी कुणाची सुई उडत नाही. आणि खरं सांगू का, ग्यानबानं दुसरी करून मला बाहेर काढलं तेव्हापासून या घरात दुसरं ताट लागलं नाही. एका माणसाचा स्वयंपाक करण्यात काही राम नाही.

फक्त एक. महिना दोन महिने म्हणू नकोस. पोर म्हणजे वाचनालयाचं पुस्तक नाही, वाचून झालं की परत. आणशील तर परीक्षा होईपर्यंत तरी राहू दे.

बैठकीसाठी जड दगड पाहिजे असेल तर आईचा पाटा माझ्याकडे पडून आहे. विशाला सोडायला येशील तेव्हा तुझ्याच्यानं तो उचलून नेणं होणार नाही. नंतर भाऊसिंग कंडक्टरच्या गाडीनं पाठवते.

प्रयागताई


वाशीम
१६ फेब्रुवारी १९७५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझे उपकार कसे फेडू! पाटा पोचला. भाऊसिंग म्हणाला, "बाबू, लोकं धान्य पाठोतात, तुमची बहीन गोटे पाठोते." त्याला चहा पाजला.

आता ऐक. लाकडाचं एक उथळ खोकं करून घेतलं, त्यात पैनगंगेची चाळलेली रेती भरली. रेतीवर सायकलची ट्यूब अर्धी हवा भरून, ट्यूबवर पाटा, पाट्यावर प्लेअर. पाटा ठेवताना मात्र निसटला आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावर बसला. नख गेलं. डॉक्टरनं पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलं आहे.

पण त्याचं काही नाही. पाय उशीवर घेऊन पलंगावर बसलो आणि विमलला रेकॉर्ड लावायला लावली. ताई, सुई उडाली नाही! ठेक्याची ती जागा आली, गेली, आणि रेकॉर्डमधली बाई गातच राहिली. सगळा आठवडा हेच चाललं आहे. मी म्हणत नव्हतो? दोष विशाच्या बुटाचा होता. विमलला म्हटलं, बघ आता. ती चूल फुंकत बसली.

विशा कशी आहे? सोडून निघालो तेव्हा माझ्या पँटीला धरून होती, हात सोडवताना शिलाई उसवली.

जगदेव


रिसोड
२ मार्च १९७५

चि. जगदेव,
जय भीम.

अंगठ्याची काळजी घे. जितके दिवस पाय उशीवर राहील तितकं तुझ्या रेकॉर्डला बरं. घाई करून खाली टेकवू नकोस.

विशा मजेत आहे. पहिले काही दिवस रोज शाळेतून सुटली की एसटी स्टँडकडे तोंड करून उभी राहायची, आता ते बंद झालं. तुमची आठवण काढत नाही. मुलं लवकर विसरतात, तेच त्यांच्या भल्याचं असतं.

तिनं एक नवा खेळ काढला आहे. मी स्वयंपाक करत असले की पाठीमागे येते, दोन्ही हातांनी बूट उचलते, हळूच खाली ठेवते, असं करत करत माझ्याजवळ पोचते आणि विचारते, "आत्या, आयकू आलं का?" मी म्हणते, "आलं." मग पुन्हा दारापासून सुरू. परवा खरंच ऐकू आलं नव्हतं. तरी मी आलं म्हणाले. नाही म्हणाले असते तर लगेच वाशीमला जायची पिशवी भरली असती पोरीनं. तुझी बैठक अजून पक्की व्हायची आहे ना?

तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवले.

प्रयागताई


वाशीम
२० एप्रिल १९७५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

मी फार त्रासात आहे. अंगठा बरा झाला, मी खुर्चीवर बसू लागलो, आणि सुई पुन्हा उडायला लागली. त्याच जागी. विशा तर घरात नाही! मग राहिलं कोण? विमल.

तिला सांगितलं, रेकॉर्ड लागली की पलंगावरून उतरायचं नाही. बसते. तरी उडते. म्हणून आता प्लेअर जमिनीवरून उचललाच. विशाच्या पाळण्याच्या कड्या आढ्याला होत्याच, त्यांना दोर बांधून फळी टांगली आणि फळीवर प्लेअर. विमल जागीच उभी राहिली. म्हणाली, "कड्या माह्या मायच्या घरच्या हायेत. त्याच्यावर पोरगी झोपत होती." मी म्हटलं, आता झोपत नाही ना. तिनं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

टांगल्यावरही उडते. झुलते आणि उडते. मी जितकं मऊ करावं तितकी जास्त. ताई, इतकी वर्षं मी या एका आवाजासाठी थांबलो आहे. आता हाताशी आला आणि घरातलीच माणसं तो हलवत आहेत.

विमल विशाला आणायचं म्हणते. तू तिला दोन ओळी लिही, की पोरगी सुखात आहे. तुझं ऐकेल.

जगदेव


रिसोड
२७ एप्रिल १९७५

चि. सौ. विमल,
जय भीम.

विशा पहिल्या नंबरानं पास झाली. तिची तब्येत सुधारली. तू आत्ता येऊ नकोस. आलीस की ती पुन्हा रडणार, पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. आईनं थोडं मन घट्ट करायला शिकलं पाहिजे. मला मूल नाही म्हणून मला हे कळत नाही असं समजू नकोस. शाळेत दरवर्षी चाळीस मुलं माझ्या हाताखालून जातात.

तुझी नणंद,
प्रयाग


वाशीम
११ मे १९७५

बाईस,
विमलचा जय भीम.

मला पत्र लिहिता येत नाही नीट, चौथीपर्यंतच शिकले आहे, चुकलं तर पोटात घाला.

बाई, सुई माझ्यानं उडत नाही आणि विशानंही उडत नव्हती. गाणं रंगात आलं की यांचा उजवा पाय आपटतो. जोरानं. यांना त्याची खबरच राहत नाही. डोळे मिटलेले असतात. अंगठा दुखत होता तोवर पाय उशीवर होता म्हणून गाणं नीट चाललं. मी पहिल्या दिवसापासून पाहते आहे. मी सांगितलं तर म्हणाले, "पोरीचं खापर माह्या डोक्यावर फोडतं का?" आणि गिलास फेकला. कपाळाला लागला, जास्त नाही.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही मोठ्या, शिकलेल्या. एक ओळ लिहा बाई, की जगदेव, तुझा पाय आपटतो. तुम्ही लिहिलं की ते पाहतील, आणि विशा दुसऱ्या दिवशी घरी येईल. तुमच्या पाया पडते.

ती माझं नाव घेते का? खरं लिहा.

विमल


रिसोड
२९ जून १९७५

चि. जगदेव,
जय भीम.

शाळा सुरू झाली. विशाचं नाव रीतसर माझ्या शाळेत घातलं. पालक म्हणून माझी सही केली, दरवेळी तुला कुठे बोलावणार? बूट लहान झाला होता, अकोल्याला नेऊन नवा घेतला. डॉक्टरनं विचारलं, आई का? मी हो म्हणाले. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळं रामायण कुठे सांगत बसू.

तुझ्या टांगणीचं वाचलं. मला वाटतं दोर फार लांब आहेत. आखूड करून बघ. दोरांऐवजी बैलगाडीचा जुना रबरी पट्टा मिळाला तर तोही बघ. अशा कामाला घाई चालत नाही. वर्ष लागलं तरी लागू दे.

विमल काही बोलत असेल तर मनावर घेऊ नकोस. तिला म्हणावं, तुझं पत्र पोचलं, मी जगदेवला सगळं समजावून लिहिलं आहे, पण तो माझंही ऐकत नाही. एवढं म्हटलं की तिचं समाधान होईल. बायकांना कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं एवढं पुरे असतं.

प्रयागताई


वाशीम
३१ ऑगस्ट १९७५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

दोर आखूड केले, रबरी पट्टाही लावला. सुई उडते. विमल माहेरी, मालेगावला तिच्या भावाकडे राखीला गेली होती तेव्हा घरात मी एकटाच होतो. तरी उडाली.

ताई, मी खुर्चीवर बसून पुष्कळ विचार केला. विशा नसताना उडते, विमल नसताना उडते. म्हणजे दोष त्यांचा नव्हता. मी पोरीला उगाच घराबाहेर काढली. तिला पाहून सात महिने होत आले. विमल माझ्याशी कामापुरतं बोलते, तेही भिंतीकडे पाहून. परवा मोरीत हात धुताना मला त्या उसवलेल्या पँटीची आठवण झाली आणि मी जेवणाचं ताट तसंच सारलं.

मी हरलो असं समज. हादरा ह्या घराच्याच अंगात असेल. प्लेअर विकून टाकतो. १४ तारखेच्या रविवारी पहिल्या गाडीनं येतो आणि विशाला घेऊन जातो. तिचे कपडे बांधून ठेव. विमलला सांगितलं तर तिनं पहिल्यांदा माझ्या ताटात आपणहून भाकरी वाढली.

जगदेव


रिसोड
४ सप्टेंबर १९७५

चि. जगदेव,
जय भीम.

ये. घर तुझंच आहे आणि पोरही तुझीच आहे, मी कोण अडवणारी?

फक्त येण्याआधी एक कर. प्लेअर विकायचाच आहे तर एकदा मी सांगते तसं ऐकून मग विक. खुर्चीवर बसू नकोस. पलंगावर मांडी घाल आणि दोन्ही पाय धोतराच्या फडक्यानं मांडीशी घट्ट बांधून घे. मग विमलला रेकॉर्ड लावायला सांग आणि तिला पलंगाच्या कडेला बसव.

बापूंना गाण्याचा तिटकारा होता, हे तुला कुणी सांगितलं? वस्तीत खंजिरी वाजवावी तर बापूंनी. गाणं लागलं की तुझा उजवा पाय जमिनीवर आपटायचा, आणि तोही ठेका सोडून. एकदा भजनातला कंदील त्यानंच आडवा झाला होता. म्हणून काठी घोट्यावर यायची. साऱ्या वस्तीला माहीत होतं, तुला सोडून. मागे बसलेल्या बाया पदर तोंडात धरून हसायच्या. मीही हसायची.

तुझं जानेवारीतलं पहिलं पत्र वाचतानाच मला कळलं होतं सुई का उडते. मग सांगितलं का नाही, असं विचारशील. तू पोर दिलीस, मी घेतली. ग्यानबाच्या घरातून निघताना मला कुणी एक गाडगंसुद्धा दिलं नव्हतं.

आधी रेकॉर्ड ऐक. पूर्ण ऐक. मग यावंसं वाटलं तर रविवारची गाडी कुठे पळून जात नाही.

प्रयागताई


वाशीम
१४ सप्टेंबर १९७५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

आज मी आलो नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझं पत्र वाचून आधी इतका संताप आला की फाडून टाकणार होतो. मग पाय बांधले. रेकॉर्ड लावली. ताई, दोन्ही बाजू वाजल्या आणि सुई एकदाही उडाली नाही. काल दिवसभर वाजवली, आज सकाळपासून वाजवतो आहे. तू म्हणालीस ते खरं आहे. माझाच पाय.

पण त्याहून मोठी गोष्ट तुला सांगायची आहे. गाणं सुरू होण्याआधी बाई श्वास घेते. अगदी बारीक. आजवर मला ठाऊकच नव्हतं की ह्या रेकॉर्डवर तो श्वास आहे. हे ऐकायला मी जन्मलो होतो असं वाटलं. रडलो मी. तेवढ्यात विमल पाण्याचा तांब्या घेऊन आली, फळी करकरली आणि श्वास गेला.

तेव्हा मी काय ठरवलं ते लिहितो. विशाचा दोष नव्हता, हे मला मान्य आहे. माझ्या वतीनं तिला तसं सांग. पण दोष नव्हता म्हणजे आवाज नव्हता, असं होत नाही. तिचा बूट वाजणारच. ती दिवसाकाठी शंभरदा उठणार बसणार आणि मी दर वेळी तिच्याकडे पाहणार. त्यात तिचेच हाल. तुझ्याकडे ती रमली आहे, नाव शाळेत आहे, बूटही तूच नवा घेतलास. राहू दे तिथेच. दिवाळीला पाहू.

तुझ्यावर माझा राग नाही. तू नसतीस तर मला तो श्वास कधी ऐकू आला नसता.

पत्र विमलजवळ देतो आहे, ती टपालात टाकेल. माझे पाय बांधलेले आहेत.

तुझा भाऊ,
जगदेव


(त्याच पत्राच्या खाली, शिसपेन्सिलीनं)

बाईस,

पत्र यांनी चिकटवलं नव्हतं. वाचलं. तुमचंही वाचलं, ते उशीखाली होतं. मे महिन्यात मी तुम्हाला जी ओळ मागितली होती, ती तुम्ही आत्ता लिहिली. पोर परत येऊ नये म्हणून लिहिली. मार्चमधलं पत्रही सापडलं. परवा ऐकू आलं नव्हतं तरी आलं म्हणाले, असं तुम्ही त्यात लिहिलं आहे. माझी पोर दारापासून पुन्हा चालायला लागत होती आणि तुम्ही पाठ करून भाकरी थापत होता.

पत्र टपालात टाकत नाही. भाऊसिंगच्या हाती पहिल्या गाडीनं देते आणि तिच्या मागच्या गाडीनं मी येते. विशाला घेऊन मालेगावला भावाकडे जाते. इकडे परत येणार नाही. रेकॉर्ड संपली तरी हे पाय बांधून डोळे मिटून बसले होते, तेव्हाच मी पाळण्याच्या कड्या सोडून घेतल्या. प्लेअर पलंगावर त्यांच्याजवळ ठेवला. फोडला नाही.

मी घरात येणार नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. विशाला म्हणावं, तुही माय आली हाये, बूट आपटत ये. मले तेथून आयकू आलं पायजे.

विमल